बिनतेलाचं डोकं
परवा तपासणीसाठी माझ्या डोक्याला गार, चिकट पेस्ट लावली आणि त्या वासासरशी दुष्काळातला तो उन्हाळा आठवला. जनावरं चारा छावणीला गेली, गावची दूध संस्था बंद पडली आणि तिथं वीस वर्षं दूध मोजून घेणाऱ्या दादाची झोपच उडाली. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी गोळ्यांच्या जोडीला मेंदूची एक शिकवणी सांगितली. डोक्याला तसल्याच पेस्टनं वायरी चिकटवायच्या. मन निवलं की समोरच्या पडद्यावरची होडी पुढं सरकायची, भरकटलं की थांबायची. अशानं मेंदूला निवायची सवय लागते, म्हणाले. खरंच, सात-आठ खेपांनंतर दादाचा डोळा लागायला लागला. अडचण एकच होती. जाताना डोकं धुऊन, बिनतेलाचं न्यायचं आणि आल्यावर पेस्ट काढायला पुन्हा धुवायचं. टँकर तर आठ दिवसांनी यायचा. एका दुपारी दादा डोक्याचा गोटा करूनच घरी आला. महिनाभर अंथरुणाला खिळलेले आबा त्याच्याकडं बघतच राहिले. "कावून रे? बाप जिता हाय अजून!" दादा मान खाली घालून म्हणाला, "तुमच्या पिण्यातलं पाणी किती दिवस डोक्यावर ओतू, आबा?" चौथ्या दिवशी आबा गेले. न्हाव्यानं वस्तरा काढला, दादाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "हितं काय काढू?" दादाला आता झोप लागते. परवा निघताना नर्स मला म्हणाली, "घरी गेल्यावर भरपूर पाण्यानं धुवा." दोन दिवस मला नळ सोडायचा धीर झाला नाही.