घरातली माणसं: दोन

कोलोनला आमच्या भागातल्या लायब्ररीत एकच झेरॉक्स मशीन आहे. त्या दिवशी माझ्यापुढे सत्तरीच्या एक जर्मन आजी होत्या. प्रत्येक कागद काचेवर ठेवण्याआधी त्या तळहाताने सावकाश सपाट करायच्या, पांघरूण नीट करावं तसा. मशीन अडलं, तशी त्यांनी मला हाक मारली.

कागद वोनगेल्डच्या ऑफिसचा होता. कमी पेन्शनवाल्यांना घरभाड्यासाठी सरकारची मदत मिळते, तिचं पत्र. त्याखाली नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला होता, आणि तरी पत्रात लिहिलेलं, घरातली माणसं: दोन.

सरकारी कागद दिसला की मला चूक काढल्याशिवाय राहवत नाही. मी म्हणाले, "इथे एक हवं. लगेच कळवा त्यांना."

"कळवलंय. माणूस गेला तरी ते त्याला वर्षभर घरात मोजतात," त्या म्हणाल्या. "मुलगी म्हणते, लहान घर बघ. पण घर बदललं, की मोजणं तिथेच थांबतं. आल्झो, म्हणजे मार्चपर्यंत आम्ही दोघं आहोत."

मी म्हणाले, "आमच्याकडेही माणूस गेल्यावर वर्षभर घरात सण करत नाहीत."

त्यांनी कागद फाइलमध्ये लावला, त्यावरून पुन्हा एकदा हात फिरवला आणि विचारलं, "आणि वर्ष संपलं, की तुमच्याकडेही पत्र येतं का?"