नानासाहेबवाडी पुसली तेव्हा

गंगापूरहून गोदाकाठाकडं उतरताना उसाच्या पट्ट्यात एक लहानसं गाव लागतं. आत्ताआत्तापर्यंत त्याचं सरकारी नाव नानासाहेबवाडी होतं. ते पुसलं बानाबाईनं.

बानाबाई मेंढपाळाच्या घरची. नवरा कारभारी आणि चाळीस मेंढरं, एवढाच तिचा संसार. एका दुष्काळी उन्हाळ्यात मेंढरं नानासाहेबाच्या उसात शिरली. वाडी ज्याच्या नावानं वसली तो हाच बागायतदार, आणि तेव्हाचा सरपंचही. त्यानं सगळा कळप गावच्या कोंडवाड्यात कोंडला आणि तीन दिवस पाणी पाजू दिलं नाही. बानाबाई भरली घागर घेऊन दारात उभी राहिली, तर त्यानं काठीनं घागर पाडली.

"गावाला माझं नाव हाय, बाने. माझ्या नावात राहायचं तर मान खाली घालून राहायचं."

चौथ्या दिवशी दार उघडलं तेव्हा नऊ मेंढरं जिती होती. कारभारीनं त्यानंतर मेंढरामागं जायचं सोडलं. दोन वर्षं उसाच्या फडात राबला आणि वारला. बानाबाईनं शेळ्या पाळल्या, मान खाली घालून राहिली आणि ते वाक्य काही विसरली नाही.

वीस वर्षांनी शहराचं नाव बदललं, मग जिल्ह्याचं. ग्रामसभेत तरुण सरपंच अंबिका म्हणाली, "शाळेची, पंचायतीची पाटी नव्यानं रंगवावी लागंल. पाटीवर जिल्ह्याचं नाव बदलायचंय."

मागून बानाबाई उठली. "रंगवताच हायसा, तर गावाचंबी बदला."

नानासाहेबाचा मुलगा काकासाहेब पुढच्या खुर्चीवरून वळला. "कुणाला बदलायचंय? हात वर करा, बघू द्या."

एकही हात वर झाला नाही. बानाबाई हसली. "हात नगं. चिठ्ठ्या टाका."

अंबिकानं पुढच्या महिन्याची तारीख दिली. तेवढ्या दिवसांत बानाबाई घरोघर फिरली. कुणाला नानासाहेबाच्या घरानं बांध कोरल्याची आठवण करून दिली, कुणाला भर चौकात आजोबाच्या डोक्यावरचं मुंडासं उडवल्याची. जुन्या खपल्या तिनं नखानं काढल्या. एका घरी गोजरबाईनं विचारलं, "पण नवं नाव काय ठिवायचं?"

"कायबी ठिवा. त्याचं नगं."

शाळेच्या खोलीत पडद्याआड चिठ्ठ्या पडल्या. बदलायच्या बाजूनं एकशे एकाहत्तर, विरोधात शहाण्णव. माळावरच्या हिवराच्या झाडांवरून 'हिवरमाळ' ठरलं. ठराव वर गेला. मंजुरीला वर्ष लागेल, असं अंबिकानं सांगितलं.

आणि त्याच आठवड्यात नानासाहेबाला लकवा मारला.

बानाबाईला एकच घोर लागला. तो मंजुरीच्या आधीच मेला तर? दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेळीच्या दुधाचा तांब्या घेऊन त्याच्या दारात गेली. नानासाहेबाच्या बायकोला, द्वारकाबाईला म्हणाली, "पाजा त्याला. जीव धरंल." मग रोज जाऊ लागली. गाव म्हणालं, म्हातारीनं माफ केलं. ती कुणाला काही बोलली नाही. फक्त रोज विचारायची, "ऐकू येतंय ना त्याला? कळतंय ना?"

चौदाव्या महिन्यात मंजुरीचा कागद आला. बानाबाई अंबिकाला घेऊन थेट नानासाहेबाच्या खाटेपाशी गेली. "वाच, बाई. मोठ्यानं वाच."

अंबिकानं वाचलं. नानासाहेबानं डोळे तिच्यावरून बानाबाईकडं वळवले. जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते.

"ह्यासाठी... दूध पाजलंस?"

"व्हय."

त्यानं नजर छताकडं नेली. मग म्हणाला, "नवं नाव... कुणाचं?"

"कुणाचंच नाय."

त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. बानाबाई उभी राहून त्याची पाठ बघत होती. पाठ हलत होती. पोटभर बघून ती बाहेर आली. द्वारकाबाई ओट्यावर बसली होती. वर न बघता म्हणाली, "आता उद्यापासून येऊ नगंस."

"आता कशाला यीन?"

पंधरा दिवसांत नानासाहेब गेला. काकासाहेबानं दहाव्याच्या पत्रिका छापल्या आणि रीत म्हणून एक बानाबाईच्या दारातही आणून दिली. तिला वाचता येत नव्हतं. शेजारच्या सुलेखाकडून तिनं ती तिथंच वाचून घेतली. खाली ठिकाण छापलं होतं, मु. पो. नानासाहेबवाडी.

बानाबाईनं पत्रिका काकासाहेबाच्या हातात परत ठेवली.

"पत्ता चुकला, दादा. ह्या नावाचं गाव इथं नाय."