भुलीला भिणारे दामलेकाका

दामलेकाकांची अक्कलदाढ काढायची होती. झोपेचं औषध देणार असं कळताच ते डेंटिस्टच्या खुर्चीतून उठले आणि सुजलेला गाल घेऊन घरी आले. पार्सिपनी या अमेरिकन गावात मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहत होते. कॉलेजात इतिहास शिकवणारा हा सहाफुटी माणूस भुलीला एवढा भितो, याचं मला तेव्हा हसू आलं होतं.

सातव्या शतकात स्पेनवर गॉथ लोकांचं राज्य होतं. काकांचा सगळा अभ्यास त्या राज्याचा. जेवताना ते तिथल्या भानगडी अशा सांगत, की जणू आमच्या मराठी मंडळाच्या कालच्या निवडणुकीतच घडल्यात. एका राजाची गोष्ट सांगताना मात्र त्यांचा आवाज खाली येई. तो राजा आजारी पडून बेशुद्ध झाला. मरणाऱ्याचे केस कापून त्याला संन्याशाची वस्त्रं घालायची तिथली रीत. दरबाऱ्यांनी ती पाळली. राजा शुद्धीवर आला, चांगला बरा झाला. पण केस कापलेल्या माणसाला पुन्हा गादीवर बसता येत नसे. उरलेलं आयुष्य त्यानं मठात काढलं.

“दरबाऱ्यांनीच विष घातलं म्हणतात,” काका म्हणायचे. “मला नाही पटत. काळजीपोटीच केलं असेल. त्याचीच जास्त भीती वाटते बघ.” मग काकूंना बजावायचे, “मी बेशुद्ध असताना काहीएक डिसाइड करायचं नाही. मला उठवायचं आणि विचारायचं.” काकू त्यांच्या ताटात भात वाढायच्या.

दोन हजार सातच्या हिवाळ्यात काका ड्राइव्हवेवरच्या बर्फावरून घसरून पडले. काकू आणि मी त्यांना घेऊन हॉस्पिटलात पोचेपर्यंत त्यांची शुद्ध गेली. मेंदूत रक्त साकळलंय, ताबडतोब ऑपरेशन करावं लागेल, नंतर बोलणं-चालणं किती परत येईल ते सांगता येणार नाही, एवढं सांगून डॉक्टर उत्तरासाठी थांबले. काकूंनी काकांचा खांदा हलवला. “अहो, उठा ना. विचारतेय मी.” पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग परत काकांकडे. शेवटी त्या स्वतःच डॉक्टरांना हो म्हणाल्या.

काका शुद्धीवर आले आणि त्यांनी भादरलेलं डोकं चाचपलं. तेवढी भीती मी कुणाच्याच डोळ्यांत पाहिलेली नाही.

“कोणी ठरवलं?” जड जिभेनं त्यांनी विचारलं.

“मी,” काकू म्हणाल्या. “रागवा माझ्यावर. रागवायला तुम्ही हवे होतात मला.”

काका पुन्हा कधी वर्गावर उभे राहिले नाहीत. त्या दिवशी ते रागावलेही नाहीत. त्यांनी काकूंचा हात धरला, आणि बांगड्या रुतल्या तरी सोडला नाही.