सहाव्या वाडीचा पाहुणा

लोणंदला गाडीतून उतरलो आणि सगळ्यात आधी नाकात शिरला तो कांद्याचा वास. बाजाराचा दिवस होता. अमरावतीहून निघून पुण्याला गाडी बदलेपर्यंत अंग आंबून गेलेलं, त्यात काखेत युरोपच्या नकाशाची चार फुटी गुंडाळी. ती बघून एका हमालाने विचारलं, बंदूक हाय व्हय? नकाशा आहे म्हटल्यावर त्याचा माझ्यातला रस संपला.

मी राज्यशास्त्राचा मास्तर. आंतरराष्ट्रीय लष्करी युती वाढते कशी आणि तिच्यात नव्या देशाला घेतात कसं, हा माझा आवडता विषय. त्यावर पाचगणीच्या एका शाळेत आणि सांगलीच्या एका महाविद्यालयात बोलायचं ठरलं होतं. विषय तोंडपाठ होता, आणि तोंडपाठ असल्याची मिजासही होती. ती कुठे आणि कशी उतरली, ते आपल्या वऱ्हाडातल्या मंडळींना सांगावं म्हणून हे लिहितोय.

लोणंदहून वाईमार्गे एसटीने पाचगणीला पोचलो. घाटात नकाशाची गुंडाळी तीनदा एका आजींच्या डोक्याला लागली आणि तिन्ही वेळा मी माफी मागितली. वर थंडी बोचरी होती. रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीच्या टोपल्या मांडलेल्या. एक फळ तोंडात टाकलं तर इतकं आंबट की डोळेच मिटले.

शाळेतलं सकाळचं व्याख्यान छान झालं. नवा देश आधी आत येण्याची इच्छा कळवतो. मग सगळ्या सभासदांनी होकार द्यायचा, एकाने जरी नकार दिला तरी दार बंद. होकारानंतर प्रत्येक देश आपापल्या घरी मंजुरी घेतो, आणि शेवटचा कागद जमा झाला की नवा देश आत. आत आल्यावर एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला. फिनलंड आणि स्वीडन या दोघा शेजाऱ्यांनी एकाच दिवशी अर्ज दिले. फिनलंड वर्षाच्या आत सभासद झाला. स्वीडन मात्र जवळपास आणखी वर्षभर उंबरठ्यावर ताटकळला, कारण आतल्या एकदोघांचं समाधान होईना. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मागच्या बाकावर पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ ताठ बसले होते. नातीला शाळेत सोडायला आले होते आणि व्याख्यानाला थांबले. निवृत्त सुभेदार. गर्दी पांगल्यावर जवळ आले आणि म्हणाले, "सर, अर्ज दिल्यापासनं आत घेईस्तवर त्या देशावर कुणी चाल केली तर?"

मी म्हणालो, "तर बाकीच्यांवर धावून जायचं बंधन नसतं. तोच काळ सगळ्यात वाईट. शेजारी चिडलेला असतो आणि छत्र अजून मिळालेलं नसतं."

सुभेदारांनी नकाशाकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "आमच्या शेजारच्या खोरवाडीचं तसंच झालंय बघा."

सांगलीचं व्याख्यान दुसऱ्या दिवशी होतं आणि त्यांचं गाव वाटेवरच, कराडच्या पुढे कृष्णाकाठाला. त्यांनी मला जीपमध्ये घातलं. साताऱ्यात थांबून कंदी पेढे घेतले, आणि पेढा तोंडात असतानाच त्यांनी जे सांगायला सुरुवात केली त्याने त्याची गोडी गेली. त्यांच्या भागात पाच वाड्यांचा जुना करार आहे. प्रत्येक वाडीच्या देवळात एक घंटा. ती सलग वाजली की पाचही वाड्यांतल्या घरटी एका माणसाने हातातलं काम टाकून धावायचं. पूर्वी दरोड्यांसाठी, आता बिबट्यासाठी. थंडीत कारखाने सुरू होतात, ऊसतोड होते, रानं मोकळी पडतात आणि बिबट्या उरलेल्या उभ्या उसात येऊन बसतो. यंदा उभा ऊस राहिला होता तो खोरवाडीच्या अंगाला. खोरवाडी करारात नव्हती. तिथे पंधरा घरं, निम्म्या घरांतले पुरुष फौजेत, आणि आठवड्यात दोन वासरं गेलेली. तिथल्या लोकांनी आत घ्या म्हणून अर्ज केला होता. आज दुपारी पांढरवाडीच्या देवळात, म्हणजे सुभेदारांच्याच वाडीत, त्याचा निकाल लागायचा होता. सुभेदार म्हणाले, तुम्ही दोन शब्द बोला, शिकल्यासवरल्या माणसाचं ऐकतात लोक.

जेवण त्यांच्याकडेच झालं. अख्खा मसूर, ज्वारीची भाकरी आणि हाताने फोडलेला कांदा. मसूर असा झणझणीत की नाकाडोळ्यांना धारा लागल्या, आणि तरी मी दुसऱ्यांदा घेतला.

देवळात पाच वाड्यांची पाच कारभारी मंडळी सतरंजीवर बसली होती. सगळे साठीच्या पुढचे आणि बहुतेक माजी सैनिक. मधे ताटात बेलाची पानं आणि भंडारा (आपल्याकडची हळद). नव्या वाडीला घ्यायचं तर पाचही जणांनी बेलभंडारा उचलून भैरोबाची शपथ घ्यायची. एकाने जरी उचलला नाही तरी ताट परत गाभाऱ्यात जातं. खोरवाडीकडून शालन आली होती. तिशीची, नवरा सरहद्दीवर, डोक्यावर पदर आणि हातात स्कूटीची किल्ली. ती खांबाजवळ उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

मी बोलायला उठलो. नकाशा लावायला खिळा नव्हता म्हणून दोघांनी तो हातांत धरला. पाचगणीतलंच सगळं सोप्या भाषेत सांगितलं, आणि रंगात येऊन वर एक वाक्य जोडलं. आत येऊ बघणाऱ्याचा शेजाऱ्याशी हद्दीचा वाद असेल, तर तो त्याने आधी मिटवावा अशी अपेक्षा असते, नाहीतर त्याचं भांडण सगळ्यांच्या गळ्यात पडतं. वाक्य खरं होतं. पण ते बोलताच सुभेदारांनी डोळे मिटून घेतले. माझं काहीतरी चुकलं, एवढं मला तेव्हाच कळलं.

चौघांनी भंडारा उचलला. पाचवे तात्या, निवृत्त नाईक, काटकुळे आणि काळेसावळे. त्यांच्या रानात जायची पाणंद (बैलगाडीची वाट) खोरवाडीच्या बांधावर अडली होती, हे मला तिथे समजलं. तात्यांनी हात मांडीवरच ठेवला. म्हणाले, "सरांनीच सांगितलं. हद्दीचा वाद आधी मिटवा. माझी पाणंद मोकळी करा, मग उचलतो."

शालन म्हणाली, "आवं तात्या, बांध अकरा जणांचा हाय. सगळ्यांच्या सह्या व्हायला लागतील. जनावर तवर थांबंल का?"

तात्यांचा हात मांडीवरून हलला नाही. पुजाऱ्याने ताट उचललं आणि आत नेलं. ज्या नकाशाचा मला इतका अभिमान होता तो गुंडाळताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चपला घालत होतो तेवढ्यात शालनचा फोन वाजला. तिने ऐकलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिची सासू शेळ्या घेऊन उसाच्या कडेला गेली होती. शेळ्या घरी आल्या होत्या, म्हातारी आली नव्हती.

साडेचार वाजले होते. वनखात्याची माणसं पलीकडच्या गावात पिंजरा लावत होती, त्यांना यायला तास तरी लागणार होता. ऊस दोन एकराचा. देवळातली पाचसहा म्हातारी माणसं त्यात शिरून काय करणार? चारी बाजूंनी वेढा घालून आवाज करायला पन्नास माणसं हवीत, आणि ती रानोमाळ विखुरलेली. मी विचारलं, फोनच्या ग्रुपवर टाकलं तर? सुभेदार म्हणाले, तिथं अंगठं येत्यात, माणसं घंटेवर येत्यात. ते घंटेकडे वळले तसे तात्या उभे राहिले.

"सुभेदार, घंटा पाच वाड्यांची हाय. खोरवाडीसाठी वाजली तर शपथ मोडती."

कुणी त्यांना खोडून काढलं नाही. भैरोबाची शपथ होती आणि सगळ्यांनी आयुष्यभर पाळलेली. शालन स्कूटीकडे धावत निघाली होती. सुभेदारांनी तिला थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. ते काय बोलणार हे मला अर्धं कळलं होतं.

"सर, तुमी पांढरवाडीचं पाव्हणं. पाव्हणा कुठंबी अडचणीत असला तर घंटा वाजवायचा मला हक हाय. तुमी शालनसंगं जावा. उसापशी उभं ऱ्हावा आणि मला फोन करा."

युतीचे मोठे देश टोकाच्या लहान देशात आपले थोडे सैनिक नेऊन ठेवतात, ते अगदी ह्याचसाठी. ते थोडे सैनिक कुणाला हरवू शकत नाहीत. पण त्यांना धक्का लागला तर मागच्यांना यावंच लागतं. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलोय. त्या सैनिकाला तिथे उभं राहून काय वाटत असेल, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

स्कूटीवर मागे बसलो. नकाशाची गुंडाळी कशी कोण जाणे माझ्या हातातच राहिली होती. शालन खड्डे न चुकवता चालवत होती आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, आत्ती (सासूबाई) गप बसली असंल, आत्ती शहाणी हाय. खोरवाडीच्या कडेला ऊस उभा होता, माझ्या दीडपट उंच. वारा नव्हता. आत कुठेतरी पाचट (उसाची वाळकी पानं) एकदा वाजलं आणि थांबलं. शालनने हाक मारायला तोंड उघडलं आणि स्वतःच हाताने दाबलं, कारण म्हातारीने ओ दिली असती तर ती कुठे आहे हे त्या जनावरालाही कळलं असतं.

मी फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "सुभेदार, मला फार भीती वाटतेय."

"बास," ते म्हणाले.

पहिला ठोका आला तेव्हा मी उसाकडे पाठ करायची की तोंड, ह्याच विचारात होतो. मग ठोके सलग सुरू झाले, आणि थोड्याच वेळात दुसऱ्या वाडीची घंटा, मग तिसरीची. रानातून माणसं येऊ लागली. कुणी मोटरसायकलवर, कुणी ट्रॅक्टरवर, कुणी हातात बॅटरी, कुणी रिकामा डबा. सगळ्यात पुढे तात्या होते, हातात काठी आणि पायात चप्पलसुद्धा नाही. शपथेने त्यांना अडवलं होतं, आता तीच शपथ त्यांना घेऊन आली होती. त्यांनीच माणसं चारी अंगांना लावली, नदीकडची बाजू मोकळी ठेवली आणि डबे वाजवायला सांगितले.

बिबट्या नदीच्या बाजूने बाहेर पडला. सगळ्यांनी पाहिला. पळाला नाही, चालत गेला, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

म्हातारी उसामधल्या पाटाच्या चारीत (पाण्याच्या नालीत) सापडली. पाय मुरगळून पडली होती. छातीशी शेळीचं करडू घट्ट धरलेलं आणि एका हाताने त्याचं तोंड मिटून ठेवलेलं. तो हात सोडवायला शालनला बराच वेळ लागला. जनावर दहा पावलांवर बसलं होतं, म्हातारी म्हणाली, आणि माझ्याकडे पाणी मागितलं. मी वाकून तिला पाणी पाजलं. सुटकेचं रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

माणसं पांगताना तात्या माझ्याजवळ आले. "सर, घंटा लबाडीनं वाजली."

"हो," मी म्हणालो.

"म्हातारी वाचली, लय चांगलं झालं. पर तुमी उद्या जाणार. मग घंटा कुणासाठी वाजवायची?"

तात्या काठी टेकत आपल्या वाडीकडे चालते झाले, ती अडलेली पाणंद टाळून, लांबच्या वाटेने.

दुसऱ्या दिवशी सांगलीत बोललो. नकाशाला उसातला चिखल लागला होता आणि फिनलंडवर अंगठ्याएवढा डाग पडला होता. हद्दीच्या वादाचं वाक्य आलं तिथे मी अडखळलो. शेवटी एका मुलीने विचारलं, उंबरठ्यावर थांबलेल्या देशाला तोवर सांभाळतं कोण? कराराचं बंधन नसतानाही ज्यांना स्वतःहून यावंसं वाटतं ते, असं मी म्हणालो. उत्तर पुस्तकी नव्हतं, आणि मला स्वतःलाच अपुरं वाटलं. आयोजकांनी भडंगाची (तिखट चुरमुऱ्यांची) मोठी पिशवी दिली.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसलो. भडंगाची पिशवी उघडली आणि तशीच बंद केली. रात्री त्या वाडीत पंधरा घरं, एक लंगडणारी म्हातारी आणि समोर तोच ऊस. मी एक खरं वाक्य नको तिथे बोललो आणि आता आरामात घरी चाललो होतो. कराड यायच्या आधी शालनचा फोन आला. मी आधी म्हातारीचं विचारलं. पाय सुजलाय पर जेवली, म्हणाली. मग म्हणाली, "सर, तात्या आल्यात आमच्याकडं. वळकटी घिऊन. भाईरच्या सोप्यात पथारी टाकलीया."

मी विचारलं, भंडारा उचलला का?

"न्हाई. पाणंद मिळाल्याबिगर उचलणार न्हाई म्हणत्यात. मी म्हणलं, मग तवर काय? तर म्हणत्यात, तवर मी पाव्हणा हाय, मला काय झालं तर माझी वाडी घंटा वाजवंल. उद्या सुभेदार येतील, परवा तिसरा. भाकरी टाक."

पलीकडे तव्याचा आवाज येत होता आणि तात्या कुणाला तरी मीठ मागत होते. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. बाहेर तोडलेल्या उसाची उघडी रानं मागे पळत होती. शालन म्हणाली, ठेवते, भाकरी करपंल. मी भडंगाची पिशवी पुन्हा उघडली.