जंतूंची साप्ताहिक सुट्टी

राग आला की तो काढायला जागा लागते. आमच्या नगरच्या लॅबमध्ये ती जागा म्हणजे दुपारच्या चहाचं टेबल. मी आणि माझे सीनियर साळवे सर तेल खाणारे जंतू वाढवतो आणि तेल सांडलेल्या मातीत सोडतो. जंतूंनी आजवर कधी त्रास दिला नाही. जे किस्से साठलेत ते सगळे माणसांचे!

त्यातले बरेचसे एकाच कारखान्याचे. त्यांची टाकी गळली, तेल मातीत मुरलं आणि कुंपणापलीकडच्या कांताबाईंच्या विहिरीत उतरलं. पाण्यावर तवंग, रानातला कांदा जळून गेला. कारखाना म्हणाला, "तेल आमचंच कशावरून?" जणू कांताबाईंनी विहिरीला फोडणी घातली होती!

*

बऱ्याच भांडणानंतर ती माती साफ करायचं काम आमच्याकडे आलं. पहिल्याच मीटिंगला कारखान्याचे मॅनेजरसाहेब काळजीत.

"तेल संपल्यावर हे जंतू काय खाणार? आमचं गोडाऊन तर नाही ना?"

साळवे सर म्हणाले, "उपाशी मरतील, साहेब. तुम्ही तेल सांडत राहिलात तर मात्र त्यांचं कल्याण आहे!"

साहेब हसले नाहीत. मीटिंगचा चहाही तेवढ्यावरच आटोपला.

*

जंतूंना हवा लागते. म्हणून कारखान्याच्या आवारातच तेलकट मातीचा ढीग रचला, त्यात पाइप घालून ब्लोअर बसवला आणि तो बंद करायचा नाही, असं बजावून ठेवलं. एका गुरुवारी गेले तर ब्लोअर बंद! तिथूनच मॅनेजरना फोन लावला.

"मॅडम, आज साप्ताहिक सुट्टी आहे."

"अहो, ती कामगारांना! जंतूंना कसली?"

"कंपनीचा नियम सगळ्यांना सारखा."

*

तेलाच्या जोडीला जंतूंना नत्रही लागतं, म्हणून युरियाच्या गोण्या ठेवल्या होत्या. पुढच्या खेपेला गोण्या गायब आणि गेटसमोरचं लॉन तरारलेलं! वर मॅनेजरनी मला त्याच लॉनवर उभं करून फोटो काढला. "पर्यावरण दिनाला टाकू, मॅडम!"

त्या फोटोतलं माझं तोंड बघण्यासारखं आहे.

*

एकदा मी कांताबाईंना मोठ्या उत्साहाने समजावत होते, की हे जंतू घाण खाऊन जमीन साफ करतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"घान करायची एकानं अन् काढायची दुसऱ्यानं. आमाला ह्यात नवं काय हाय, मॅडम?"

 

*

एवढं सगळं होऊनही माती सुधारत होती. विहिरीवरचा तवंग विरळ झाला होता. कांताबाईंनी तर शेजाऱ्याच्या पाण्यावर कांद्याचं रोपही टाकलं होतं.

"औंदा लागन करू ना आपल्या विहिरीवर?" त्या विचारत होत्या. आम्ही त्यांच्या बांधावरच उभे होतो.

"ढिगाचं काम असंच चालू राहिलं, तर नक्की करा," मी म्हणाले.

तेवढ्यात फिनेलचा भपकारा आला. बघते तो कुंपणापलीकडे मॅनेजर, घामाघूम आणि भलतेच खूश!

"मॅडम, बरं झालं भेटलात. उद्या मोठे साहेब येतायत पाहणीला. तुमच्या ढिगाला जरा वास येत होता, म्हणून सकाळपासून फिनेलचे ड्रम ओततोय. आता अजिबात काळजी करू नका. एक जंतू जिवंत सोडला नाही!"