शनिवारचा समारंभ

आमच्याकडं उपकार मानायची एक रीत आहे. माणसाला खुर्चीवर बसवायचं, डोक्यावर पांढरी टोपी ठेवायची, खांद्यावर दुपट्टा टाकायचा, हातात नारळ द्यायचा आणि वाकून नमस्कार करायचा. डॉक्टरनं म्हातारा वाचवला, टोपी-दुपट्टा. मास्तरची बदली झाली, टोपी-दुपट्टा. नुसतं थँक्यू म्हणून हात हलवत घरी जाणं आम्हाला जमत नाही. आणि हा मान नाकारायचा नसतो. नाकारला तर देणाऱ्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं होतं.

हे आधी सांगतो, कारण याच टोपी-दुपट्ट्यापायी माझ्या बायकोनं आणि लेकीनं मला दगा दिला. दगाच म्हणतो मी. कोणाला मोठा शब्द वाटत असेल तर वाटो.

पोरगी धाकटी. आमच्या घरात डिग्री घेणारी पहिली बाई. माझी आई अंगठा लावायची, बायकोची शाळा सातवीत सुटली. पोरगी चिखलीत बारावी झाली आणि पुण्याला गेली. ती गेल्यापासून मी एकच गोष्ट मनात धरून होतो. माईकवरून तिचं नाव पुकारतील, ती वर चढेल आणि मी समोर बसलेला असेन. बस्स. दुसरं काही मागितलं नाही बाप्पा मी तिच्याजवळ.

थोरल्या पोराच्या पदवीच्या वेळी नागपूरला आम्ही सगळे गेलो होतो. त्याचं नाव पुकारलं, तो कागद घेऊन खाली उतरला आणि मी पिशवी घेऊन वर गेलो. माईकवाली बाई 'सर प्लीज, सर प्लीज' करत राहिली, पण ज्या माणसानं माझ्या पोराला माणसात आणलं त्याला काय रिकाम्या हातानं भेटायचं? प्राचार्यांना टोपी घातली, दुपट्टा टाकला, नारळ दिला, पाया पडलो. काय टाळ्या पडल्या! शिट्ट्या वाजल्या. पोरगा परतीच्या रस्त्यात बोलला नाही, मला वाटलं दमला असेल. गावात येऊन मी ते टाळ्यांचं कितीतरी दिवस सांगत होतो.

तर पोरीचा फोन आला.

"बाबा, शनिवारी आहे समारंभ. सकाळी अकरा वाजता. तुम्ही शुक्रवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं बसा म्हणजे सकाळी पोहोचाल."

'आहे' म्हणाली. 'पोहोचाल' म्हणाली. एरवी माझ्याशी बोलताना 'हाये' आणि 'पोचसान' असतं तिचं. पण मला वाटलं, आजूबाजूला मैत्रिणी असतील. पुण्यात आपलं बोलणं ऐकून लोक हसतात म्हणे.

बायको दोन दिवस आधीच निघाली. खोली खाली करायची आहे, सामान लय आहे, म्हणून जळगाव जामोदहून तिचा भाऊ गाडी घेऊन आला. मी म्हटलं, "मी बी येतो ना गाडीतच." तर बायको म्हणते, "तुम्ही काऊन कुचंबता? सामानानं भरून येईन गाडी. तुम्ही आरामात या." मी खुश झालो. एवढी काळजी तिनं लग्नापासून केली नव्हती.

शुक्रवारी मी चिखलीत दुपट्टा घेतला. दुकानदारानं साधा दाखवला, मी म्हटलं, "काठाचा दे बे, पुण्याच्या साहेबाले द्याचा हाये." टोपी घेतली. नारळ कानाजवळ हलवून, पाणी वाजतं का पाहून घेतला. त्यादिवशी फोन लावला तर पोरीचा बंद आणि बायकोचा लागेना. लागला तेव्हा दिवस मावळला होता. मागं कोणीतरी खिदळत होतं. बायको म्हणाली, "सामान बांधून राह्यलो, मंग बोलतो." सामान!

शनिवारी सकाळी मी इस्त्रीचा सदरा घालून, पिशवी हातात धरून कॉलेजच्या मैदानात उभा. मांडववाले कनाती सोडत होते. खुर्च्या एकात एक घालून टेम्पोत चढवत होते. मला वाटलं, दुसऱ्या ठिकाणी असेल. एकाला विचारलं.

"पदवीवाला कार्यक्रम? तो काल झाला ना काका."

"काल नाही, आज हाये. शनिवारी," मी म्हटलं.

"अहो, आम्हीच मांडव टाकला. काल झाला." आणि त्यानं खुर्च्या उचलल्या.

मी पोरीला फोन केला. म्हटलं, मी मैदानात उभा हाये. ती म्हणाली, "बाबा, तिथंच थांबा, आलोच." मामाच्या गाडीतून तिघं आली. मागची सीट अर्धी रिकामी होती, हेही मी पाहिलं. गाडीतून उतरल्या उतरल्या पोरगी सांगायला लागली, ऐनवेळी तारीख बदलली, तुम्ही निघाले होते, मग कळवून काय फायदा. कार्यक्रम झाला दिवसा, मी निघालो रात्री; मी तिच्या तोंडाकडं पाहत होतो. लहानपणी दुधाचं पातेलं सांडलं तेव्हाही अशीच खोटं बोलली होती, एका दमात.

"फोटो दाखव," मी म्हटलं.

तिनं आईकडं पाहिलं. मग फोन दिला. पोरगी काळ्या झग्यात, गोंड्याची चौकोनी टोपी घालून. काय दिसत होती! एका बाजूला तिची आई, नव्या लुगड्यात. दुसऱ्या बाजूला माझा साळा. पुढच्या फोटोत ती गोंड्याची टोपी साळ्याच्या डोक्यावर आणि पोरगी त्याच्या गळ्यात पडून हसत होती. तिसऱ्या फोटोत पालकांच्या खुर्च्या दिसल्या, दोनच. माझ्या खुर्चीवर हा बसला होता.

"काऊन केलं असं?" मी विचारलं.

मी ओरडलो नाही. माझा आवाज सगळ्या गावाला माहीत आहे, बैल बिचकतात. पण त्यादिवशी मी हळूच विचारलं.

बायको पुढं झाली. खोटं तिला फार वेळ पेलत नाही. "मीच म्हटलं. थोरल्यानं बी फोनवर तेच सांगतलं, बाबाले नेसान तर ते मंचावर चढतीन. त्याच्या वेळचा तो व्हिडिओ अजून फिरते. दोस्त त्याले टोपीवाला म्हणतात. तुम्ही कोणाचं आयकता का?"

"लोकायनं टाळ्या वाजवल्या होत्या," मी म्हटलं.

"टाळ्या नव्हत्या हो त्या. हासत होते लोकं तुमाले."

मला टाळ्या आठवल्या, शिट्ट्या आठवल्या आणि गावात ज्या ज्या ओट्यावर बसून मी ते सांगितलं ते सगळे ओटे आठवले. पोरानं व्हिडिओ पाहिला होता, बायकोनं पाहिला होता, साळ्यानंही पाहिला असणार. मला एवढ्या वर्षांत कोणी एका शब्दानं सांगितलं नाही. एकदा सांगितलं असतं, 'बाबा, वर जाऊ नका,' तर मी नसतो गेलो. आपल्या लेकराचं हसं करायला बाप येतो का? शेवटच्या रांगेत बसलो असतो. पिशवी घरी ठेवली असती. पण विचारायचंच नाही, परस्पर ठरवायचं आणि तारीख खोटी सांगायची! घरचेच लोक, आणि घराबाहेरच्यासारखा हिशेबात धरला मला.

साळा चुळबुळत होता. "भाऊजी, मले तर गाडीसाठी बोलावलं होतं. चाला, नाश्ता करू."

"थांबा पाव्हणे," मी म्हटलं. टेम्पोजवळच्या थप्पीतून एक खुर्ची ओढून आणली. "बसा."

"कायले भाऊजी?"

"बसा म्हणतो ना."

तो बसला. मी पिशवीतून टोपी काढली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली. काठाचा दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला. नारळ दोन्ही हातांनी दिला. तो उठायला लागला तर खांदा दाबून बसवला. तो आमच्याच रीतीचा माणूस, नाही म्हणू शकत नव्हता. मग मी वाकलो. वयानं मोठा, नात्यानं मोठा, आणि वाकलो त्याच्यापुढं.

"बापाच्या जागी बसले तुम्ही. लय उपकार झाले."

साळ्यानं नारळ मांडीवर धरला आणि मान खाली घातली. बायकोनं तोंडाला पदर लावला. मांडववाले हातातलं काम सोडून पाहत होते. यावेळी कोणी हसलं नाही.

पोरगी रडायला लागली. "बाबा, चुकलं मायं. मले माफ करा." आता मात्र तिची बोली पुण्याची नव्हती. तिनं माझा हात धरला, आणि मी सोडवला नाही. लेक आहे, काय करता.

"चुकलं ते चुकलं," मी म्हटलं. "फक्त तुया लग्नाची तारीख तरी मले खरी सांगजो."