स्टिअरिंग फेकण्यासाठी अंधेरी ते कोइमतूर

"मावशी बरोबर असेल तरच," असं माझ्या बहिणीने जाहीर केलं आणि मला कुणी विचारायच्या आत माझं जाणं ठरलं. भाची ऋचा पार्ल्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजात आहे. तिच्या टीमने साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये उघड्या चाकांची, एका माणसापुरती रेसिंग गाडी बांधली. चालवणार ऋचा. कोइमतूरच्या ट्रॅकवर आधी सुरक्षेची तपासणी. त्यात नापास झाली की वर्षभराची मेहनत टेम्पोतून तशीच परत.

पहाटे अंधेरी सोडली. पुढे टेम्पोत रेसिंग गाडी, मागे भाड्याच्या गाडीत आम्ही. साताऱ्यानंतर जागोजागी पुलांची कामं आहेत, तेव्हा वेळ हाताशी ठेवा. वाटेत टीमचा कॅप्टन अमेय सांगत होता, "मावशी, मोठ्या रेसच्या गाड्यांना ड्रायव्हरच्या डोक्याभोवती आता हेलो नावाची संरक्षक चौकट असते. चपलेच्या अंगठ्यासारखी दिसते. लुकची पार वाट!"

"डोकं वाचत असेल तर चपलेसारखं दिसायला तुझं काय जातं रे?"

मुलांच्या गाडीला हेलो नाही. ड्रायव्हरच्या मागे डोक्यापेक्षा उंच पोलादी कमान आहे, गाडी उलटली तर तिचाच आधार. आग लागली तर मात्र आपलं आपणच बाहेर पडायचं: पट्टे सोडा, स्टिअरिंग उपसून काढा, उडी मारा. तपासणीत हेच करून दाखवायचं, तेही मोजक्या सेकंदांत.

मुक्काम हुबळीला. दोन हजारांत स्वच्छ खोली मिळते, आणि संध्याकाळी गिरमिट खाच. आपल्या भेळेची कानडी मावसबहीण. हॉटेलच्या मागे गाडी उतरवून सराव सुरू झाला. ऋचा पट्टे झटक्यात सोडायची, स्टिअरिंग काढायची आणि मग ते आरतीच्या ताटासारखं दोन्ही हातांत धरून ठेवायला जागा शोधायची. अमेय हात पुढे करायचा, "सांभाळून, दे इकडे." दर वेळी उशीर.

माझी नोकरी विमानात केबिन क्रूची. आणीबाणीत वरच्या कप्प्यातली बॅग काढणाऱ्यांवर ओरडायचं प्रशिक्षण मी वर्षानुवर्षं घेतलं आहे. ते आता कामी आलं.

"फेक ते!"

"अगं मावशी, एकच आहे! अमेयने अख्खी दिवाळी घालवलीय त्यावर."

"आणि तुझ्या आईने तुझ्यावर काय काय घालवलंय?"

अमेयचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी आमची गाडी सोडून तो सेलमपर्यंत टेम्पोत जाऊन बसला. मला वाईट वाटलं. पोराने जीव ओतून केलेली वस्तू होती ती. पण म्हणणं मागे घेतलं नाही. सेलमला केळीच्या पानावरच्या जेवणात त्याने माझ्याकडे रसम सरकवलं, एवढाच काय तो तह.

तपासणीच्या सकाळी ऋचा जाड सूट, हातमोजे, हेल्मेट घालून बसली. इशारा झाला. ती उठली, स्टिअरिंग गाडीच्या नाकाडावर अलगद ठेवलं, आणि वेळ संपली. तपासनिसांनी बजावलं, आणखी एकच संधी.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अमेय गाडीपासून चार पावलं मागे सरला. दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"ऋचा, फेक. तुटलं तर तुटलं, यार."

तिने फेकलं. सिमेंटवर आपटून त्यावरच्या, गिअर कधी बदलायचा ते दाखवणाऱ्या स्क्रीनला तडा गेला आणि ऋचा, बाही वर सरकून मनगटाला खरचटलेली, गाडीबाहेर उभी होती. पास! अमेय स्टिअरिंगला ओलांडून आधी तिच्याकडे धावला. मग चिकटपट्टी आली, वायरी आल्या. स्क्रीन बंदच राहिली; इंजिनाच्या आवाजावरून गिअर बदलत तिने शर्यत पुरी केली.

पार्ल्याला घरी पोचलो तर बहीण दारातच उभी. "कितवा नंबर?"

"शेवटून मोज, लवकर सापडेल," मी म्हणाले.

मग तिला लेकीच्या हातावरचं खरचटलेलं दिसलं आणि ती माझ्यावर जी घसरली! एरवी मी कुणाचं एक ऐकून घेत नाही. त्या दिवशी सगळं ऐकलं. पोर धड समोर उभी होती, आणि बहीण ओरडता ओरडता तिचा हात धूत होती.